मागच्या बाजूचा मोर

लेकीच्या लग्नासाठी अमरावतीहून अकोल्याला निघालो आणि बडनेरा यायच्या आधीच मी पिशवीतून तो बटवा पुन्हा काढला. जांभळ्या रेशमाचा, आईने नातीसाठी भरलेला. पुढचा मोर असा की बघत राहावं. मागे वळवला की मोर पाय वर करून पडलेला.

बटव्याचं कापड एकच असतं, तळाशी दुमडायचं. म्हणून मागचा मोर भरताना उलटा काढावा लागतो, तेव्हाच शिवल्यावर सुलटा बसतो. हे मला आईनेच शिकवलं, टपल्या मारून. गल्लीतल्या अर्ध्या पोरी तिच्या हाताखालून गेल्या. कुणी चुकलं की म्हणायची, "मोराले फाशी देऊन राहिली काय व?"

नवरा म्हणाला, वय झालं, नजर गेली. नजर गेली असती तर टाके वाकडे पडले असते. टाके मोत्यासारखे होते. हल्ली ती एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायची आणि मी चिडायचे, कारण घाबरण्यापेक्षा चिडणं सोपं होतं.

हा द्यावा, की गुपचूप बाजारातला घ्यावा? मूर्तिजापूर गेलं तरी ठरेना. नाडी ओढत होते, सोडत होते. शेजारी आई निवांत संत्रं सोलून मला फोडी देत होती, त्याचाही राग आला.

कार्यालयात पोचलो तर लेकीनेच बटवा माझ्या हातून ओढून घेतला. रिकामा देऊ नये म्हणून मी घाईघाईने त्यात हळकुंड, सुपारी टाकली. तिने तो कमरेला खोचला. पाठवणीच्या वेळी ती आजीच्या पाया पडायला वाकली, आणि बटवा नेमका मागच्या बाजूने आईसमोर आला.

आईने तो हातात घेऊन निरखला.

"कोनं भरला व हा?"

लेक माझ्याकडे बघू लागली. मी म्हणाले, "मीनं भरला, आई."

"एवढं शिकवलं तुले," ती म्हणाली. "बस अठी."

बाहेर गाडी सुरू झाली होती, सगळे खोळंबले होते. मी तिच्या पायाशी बसले. मागचा उलटा काढायचा, म्हणजे सुलटा बसतो, असं ती बोटाने रेशमावर मोर काढत मला पहिल्यापासून समजावत गेली. एकही शब्द चुकली नाही.