घोड्याच्या घरात पोचलेलं प्यादं

ऐंशीच्या दशकात सौंसरला बायकांची बुद्धिबळ स्पर्धा भरली, तेव्हा मी तिथल्याच शाळेत शिकवत होते. पहिली येईल ती छिंदवाड्याला जिल्ह्याच्या स्पर्धेला जाणार होती. मला जायचं होतं. खेळ मी पुस्तकातून शिकले होते आणि शेवटच्या डावापर्यंत एकदाही हरले नव्हते.

त्या डावात समोर रामाकोन्याची एक काकू होती. घरी संत्र्याची बाग, खेळ वडिलांकडून शिकलेली. घरच्या खेळाचे नियम वेगळे असतात: प्यादं पहिल्या चालीतही एकच घर जातं, राजा एकदा घोड्यासारखी उडी घेतो. पंचांनी सकाळी तिला स्पर्धेचे नियम समजावले होते आणि ती ते बिनचूक पाळत होती.

डाव संपत आला तेव्हा तिचं एक प्यादं माझ्या शेवटच्या ओळीशी येऊन ठेपलं. मी ते अडवलं नाही. ती वजीर घेणार, त्या वजिराचा मला शह बसत नाही, आणि पुढच्या चालीत माझ्याकडून मात. तीनदा मोजलं होतं.

तिनं प्यादं पुढं सरकवलं, उचललं आणि तिथं घोडा ठेवला.

"शह," ती म्हणाली.

घोडा माझ्या राजावरही होता आणि वजिरावरही. राजा हलवला, वजीर गेला. थोड्याच चालींत मी हरले.

"काकू, घोडा कसा काय सुचला?" मी तिथंच विचारलं.

"सुचाचं काय त्याच्यात? घोड्याच्या घरात गेलं तं घोडाच मिळते न बाई!"

म्हणजे हाही घरचाच नियम. प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल, तेच मोहरं मिळायचं. स्पर्धेत तसं नसतं; पंच नेमकं हेच सांगायला विसरले होते. मी गप्प बसले असते तर छिंदवाड्याला ती फसली असती.

"वजीरही घेता येतो काकू. कोणत्याही घरात."

"अन् थे तू आता सांगून राहिली?"

"तुम्हाला माहीत नाही, हे मला तरी कुठं माहीत होतं?"

"मांड बरं पुन्हा. वजीर घेतो मी."

मी मोहरी मघाच्या जागी मांडली. तिनं वजीर घेतला. मी मात दिली.

"म्हणजे मले हे मालूम असतं तं छिंदवाड्याले तूच जात होती."

"हो."

"बरं," ती खुर्ची पुढं ओढत म्हणाली, "आता अजून काय काय नाही सांगतलं त्या पंचायनं, थे सांग."