दोनशे बारावरचा बुडबुडा

कोरगावच्या सगुणबाब परबांना बुडबुडे वाचता यायचे. काजूची फेणी गाळायच्या भाटीवर वाढलेला माणूस. फेणी पेल्यात ओतली की बुडबुडे किती वेळ टिकतात ते बघून ते तिचा कडकपणा सांगत, आणि गावात त्यावर कुणी वाद घालत नसे.

नोकरी त्यांची आमच्या प्रयोगशाळेत. जुन्या तेलविहिरींत गॅस दाबून भरतात. तो उरलेल्या तेलात मिसळला की तेल पातळ होऊन वाहतं. तो किती दाबाला मिसळेल, याचं गणित मी संगणकावर मांडायचे. त्यासाठी सगुणबाब काचेची खिडकी असलेल्या पोलादी भांड्यात विहिरीतलं तेल ठेवत, दाब हळूहळू उतरवत आणि पहिला बुडबुडा सुटला की आकडा सांगत. माझं सगळं गणित त्या एका आकड्यावर उभं असे.

१९९४च्या एप्रिलात ते म्हणाले, "दोनशे बाराक पयलो इलो, बाय."

भांड्याला जोडलेल्या यंत्राचा आलेख मात्र एकशे अठ्ठ्याऐंशी दाखवत होता. त्यांनी दाब चढवून पुन्हा उतरवला. पुन्हा दोनशे बारा.

मी डिचोलीच्या दुकानदाराची इंजिनिअर झालेली मुलगी. आमच्या घरी भाटीवाला म्हटलं की नाकं मुरडत. अहवालात काय लिहायचं, फेणीवाल्याची नजर? मी वहीत एकशे अठ्ठ्याऐंशी लिहिलं आणि वही त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी न वाचता सही केली. माझ्यावर विश्वास होता त्यांचा.

दोन वर्षांनी त्या आकड्यावरून ठरवलेल्या दाबाने विहिरीत गॅस भरला; दाब कमी पडला आणि गॅस तेलात मिसळलाच नाही. तेल मागे टाकून तो एकटाच दुसऱ्या विहिरीतून बाहेर आला. चौकशी बसली, वही उघडली गेली.

"हा आकडा कुणी वाचला?" साहेबांनी विचारलं.

"सगुण परबांनी," मी म्हणाले.

सगुणबाबांनी वही पुढे ओढून आकडा वाचला. मग म्हणाले, "सही माजी आसा. बायन लिवलां म्हंजे मी तांच सांगलां आसतलां. नदर चुकली आसतली."

त्यांना भांड्यावरून काढून बाटल्या धुवायला बसवलं. निवृत्त होईपर्यंत ते तेच करत होते. मला बढती मिळाली. रोज त्यांच्या बाटल्या धुवायच्या खोलीवरून जाताना मी हातातले कागद वाचत असल्याचं सोंग करायचे. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, तरी तोंड उघडलं नाही ते नाहीच.

२००७मध्ये त्याच विहिरीचा राखून ठेवलेला नमुना नव्या यंत्रावर लावला. आकडा आला दोनशे अकरा. दुसऱ्याच दिवशी मी कोरगाव गाठलं.

भाटी पेटलेली होती. त्यांचा धाकटा भाऊ भिकाजी फेणीत काचेचं मापक बुडवून कडकपणाचा आकडा वाचत होता. सगुणबाब लांब फणसाखाली काजूच्या बिया निवडत बसले होते.

"तुम्ही नाही बघत?" मी विचारलं.

"माका येना आता. आफिसात चुकलंय मां."

मग मी सगळं सांगितलं. आकडा त्यांचाच बरोबर होता, तो मी बदलला, आणि चौकशीत खोटं बोलले. त्यांचे हात बियांवर थांबले.

"अकरा वर्सां मी पेल्यात बगूक नाय, बाय."

मी धावत जाऊन भिकाजीकडून पेला भरून आणला. त्यांनी तो उन्हात धरला. बुडबुडे उठले, कडेला जमले, विरून गेले. त्यांनी पेला हलवून पुन्हा बघितलं. मग तो अलगद माझ्या हातात दिला.

"माका कायच समजना नाय," ते म्हणाले, आणि बिया निवडू लागले.