फायरवॉल आणि सुगंधाचं दुसरं बाळंतपण

आमचा डोंबिवलीतला फोन एका रविवारी पावणेदोन तास बंद होता. तो बंद पाडण्यासाठी मी सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता.

साल नव्व्याण्णव. घरात नवाकोरा कॉम्प्युटर आला होता आणि इंटरनेट टेलिफोनच्याच तारेतून यायचं. म्हणजे इंटरनेट चालू असेल तर फोन बंद. त्यातच बाबांनी पेपरात कुठेतरी वाचलं.

"अगं, चोर म्हणे हल्ली तारेतून घरात शिरतात!"

(आमच्या कॉम्प्युटरमध्ये चोरण्यासारखं काय होतं? माझा बायोडेटा. तो चोरून कुणाला नोकरी लागली असती तर मीच पेढे वाटले असते.) पण कोर्स केलेली मुलगी गप्प कशी बसेल? मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून मी फायरवॉल टाकली. म्हणजे दारावरचा रखवालदारच. त्याने पहिलाच प्रश्न विचारला : नवीन सुधारणा आल्या की आपोआप घेऊ, की आधी तुम्हाला कळवू?

"कळव म्हणावं!" बाबा गरजले. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस! "विचारल्याशिवाय आपल्या घरात काही होता कामा नये."

मग तो कळवू लागला. दर दोन दिवसांनी पडद्यावर चौकट यायची. बाबा चष्मा लावून ती मोठ्याने वाचायचे, चिठ्ठीवर 'पाहिले. चर्चा करावी.' असं लिहून खाली सही करायचे आणि चिठ्ठी पडद्याच्या कडेला चिकटवायचे. चर्चा कधीच व्हायची नाही. तीन आठवड्यांत अकरा चिठ्ठ्या लोंबू लागल्या.

आई म्हणाली, "मुंडावळ्या बांधल्यात जणू! अहो, हो तरी म्हणा नाहीतर नाही तरी. बिचारा किती दिवस दारात उभा राहणार?"

माझं डोकं फिरलं. शनिवारी बाबा भाजी आणायला गेले तेव्हा मी गुपचूप 'आपोआप' वर खूण केली. वर फोन लावायची परवानगीही कॉम्प्युटरलाच देऊन टाकली. नंबर फिरवताना तो किंचाळतो म्हणून आई वैतागायची, तेव्हा त्याचा आवाजही बंद केला. आता काम चोख होणार आणि कुणाला पत्तासुद्धा लागणार नाही! पत्ता लागला नाही, हे खरंच.

आमच्या खालच्या मजल्यावर तांडेलकाकू राहायच्या. मूळच्या कोळीवाड्यातल्या, आवाज खणखणीत आणि मन त्याहून मोठं. त्यांच्याकडे फोन नव्हता, म्हणून सगळ्या नातेवाइकांना आमचाच नंबर दिलेला. त्यांची थोरली लेक सुगंधा ठाण्याजवळ बाळकुमला दिलेली. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं. दुसरं सासरी होणार म्हणून काकू महिनाभर रुसून होत्या. त्यात सुगंधाने नवऱ्याला बजावलं होतं, "आये आल्याबिगर मी दवाखान्याची पायरी चढनार नाय!" कळा सुरू झाल्या की जावई बूथवरून आम्हाला फोन करणार आणि काकू तडक निघणार, असं ठरलेलं.

डॉक्टरांनी तारीख रविवारचीच दिलेली, म्हणून सकाळपासून काकू आमच्या फोनसमोर पिशवी घेऊन बसल्या.

"फोन आला का गो?"

"नाही हो काकू. तुम्ही समोरच बसलाय की!"

जेवणं झाली. बाबांनी सवयीप्रमाणे कॉम्प्युटरचा पडदा बंद केला. (पडदा बंद म्हणजे कॉम्प्युटर बंद, यावर त्यांची गाढ श्रद्धा होती.) खालची पेटी चालूच होती. सगळे पेंगत होते. अडीच वाजले, तीन वाजले. शेवटी काकूंना राहवेना. फोन जिवंत आहे का ते बघायला त्यांनी रिसीव्हर उचलला आणि ताडकन उभ्या राहिल्या.

"अगो बाय! बाल रडतंय! फोनमधी बाल रडतंय!"

त्यांनी आईला मिठी मारली. आईने साखर काढली. बाबा म्हणाले, "अभिनंदन! मुलगा की मुलगी?" मी रिसीव्हर कानाला लावला. क्यँऽऽ खर्रर्र! ते बाळ नव्हतं, माझी फायरवॉल होती. अपडेट घेत होती, कुणालाही न विचारता!

मी धावत जाऊन तार उपटली. तोंडात साखर धरून सगळे बघत राहिले. सांगावंच लागलं. बाबांनी एकच प्रश्न केला, "विचारलं होतंस?" काकू मात्र मटकन खाली बसल्या आणि "एकवीरा आये, माज्या पोरीला सांभाल" एवढंच पुटपुटत राहिल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. बूथवर उलट फोन करायचीही सोय नव्हती. तिकडे सुगंधा आईची वाट बघत घरातच अडून बसली असेल, या विचाराने मला रडू फुटलं. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

आम्ही स्टेशनला निघणार तेवढ्यात खाली कर्णकर्कश हॉर्न वाजला. मासळीचा टेम्पो! जावई खाली उतरून बोंबलत होता, "आये! कवाधरना फोन लावतंय, सारखा इंगेज! ही आयकंच ना! बोलली, आये नाय येत त मीच जाते!"

आत बर्फाच्या रिकाम्या पेट्यांना टेकून सुगंधा बसली होती. घामाने न्हालेली, एक हात पोटावर, आणि दुसरा हात नाचवत नवऱ्याच्या ड्रायव्हिंगला नावं ठेवणं चालू. समोरच्याच गल्लीत बाळंतपणाचा दवाखाना होता. टेम्पो तिथे पोचला आणि वीस मिनिटांत मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप! या खेपेला रडण्याचा आवाज खराच होता. तो ऐकून मी दवाखान्याच्या पायरीवर बसकण मारली आणि बाळापेक्षा मोठ्याने रडले.

घरी येऊन पहिलं काम केलं ते 'आधी कळवा' वर खूण करण्याचं. बारशाला काकूंचे पाय धरले.

"काकू, माझ्यामुळे केवढा घोळ झाला!"

"घोल कसला गो? तुज्या मशीनमुलं माजी पोर दुसऱ्यांदाबी माहेरात बालंत झाली!" त्यांनी माझ्या तोंडात पेढा कोंबला. मला वाटलं, विषय संपला.

पुढच्या वर्षी त्यांच्या विठ्ठलवाडीच्या धाकट्या लेकीला दुसऱ्यांदा दिवस गेले. नववा महिना लागताच काकू आमच्या शुद्ध शाकाहारी घरात दोन पापलेटं घेऊन हजर.

"बाय, तारीख जवल आली. तुजा तो मशीन चालू कर."

कॉम्प्युटरच्या कामासाठी मला मिळालेली ती आयुष्यातली पहिली ऑर्डर. तीही फोन बंद पाडण्याची!