वन्संचं पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, मुलांना नाही, पाठच्या बहिणीलाही नाही. आज तरी सांगता येईल का? — बघते. अडखळले तर जरा थांबा.

माझ्या नणंदेची गोष्ट आहे. ह्यांची थोरली बहीण गोदाबाई. मी त्यांना वन्सं म्हणायची. भाज्याला राहायच्या. नवरा लवकर गेलेला. लोकांच्या शेतावर मजुरी करून ह्यांना त्यांनीच वाढवलं, शिकवलं. म्हणून तर हे रेल्वेत लागले आणि आम्ही लोणावळ्याला बिऱ्हाड केलं. पवनेच्या धरणात तेव्हा नुकतं पाणी साठायला लागलं होतं.

वन्संच्या मानेत गाठी आल्या. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात म्हणाले, कॅन्सर आहे. काही आठवड्यांच्या अंतराने इंजेक्शनं घ्यायची होती, त्यासाठी त्या आमच्याकडे राहायला आल्या. ह्यांना रजा मिळेना, म्हणून पुण्याला त्यांना मीच न्यायची.

डॉक्टर तरुण होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन नीट समजावलं. हे औषध लघवीवाटे बाहेर पडतं. लघवीच्या पिशवीत साचून राहिलं तर पिशवी आतून भाजते, रक्त येतं. म्हणून भरपूर पाणी पाजायचं आणि लघवी धरून ठेवू द्यायची नाही. मला कळलं नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. सातवी शिकलेली होते. त्यांचा शब्द न् शब्द अजून पाठ आहे.

वन्संना हे अवघड. अंधार पडेपर्यंत बाहेर जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणीच कमी प्यायचं, ही त्यांची जन्माची सवय. तरी पहिल्या दोन इंजेक्शनांना मी त्यांना तांब्यावर तांब्या पाजला. हसायच्या. "सुमन, माजं प्वाट हाय का रांजन गं?" पण प्यायच्या. आणि उठून जायच्या.

जायच्या कुठे — इथेच तर सगळं आलं. चाळीला संडास एकच, अंगणाच्या पलीकडे. घरमालकिणीच्या दारावरून जावं लागायचं. आणि ती खोली आम्हाला सहजी मिळालेली नव्हती. आमचं आडनाव ऐकलं की लोक म्हणायचे, कालच दिली हो दुसऱ्याला. हिने दिली होती, म्हणून मी तिच्यापुढे वाकूनच असायची. तिसऱ्या इंजेक्शनाला निघालो त्या सकाळी तिने मला अडवलं. "तुमच्या पाहुण्या सारख्या तिकडे जातात. आमच्या लेकीबाळीही तिथेच जातात ना? उद्या कुणाला तो रोग लागला म्हणजे? जमत नसेल तर दुसरीकडे सोय बघा बाई."

तो रोग असा लागत नाही, हे मला ठाऊक होतं. तेवढं तरी मी तिला म्हणायचं की नाही? तेही म्हटलं नाही. हो म्हणून मान हलवली.

संध्याकाळी परत आलो. वन्संनी पाणी मागितलं. मी पेलाभर दिलं — आणि —

आणि मी म्हटलं, "वन्सं, डॉक्टर म्हणालेत, आता पाणी कमी प्यायचं. अंगावर सूज येते. आणि जायचं ते अंधार पडल्यावरच जात जा."

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. खोटं बोलताना माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही. वन्सं काय म्हणाल्या, माहीत आहे? "बरं झालं बाय. तुला लय तरास व्हत हुता."

पुढचे दिवस मी नुसती त्यांच्याकडे बघत होते. ओठ सुकलेले. जिभेने ओले करायच्या, पण मागायच्या नाहीत. दुपारी पाय आवळून भिंतीकडे तोंड करून पडायच्या. आता सांगू, मग सांगू — असं करत मी दारापर्यंत जायची, समोर मालकीण तांदूळ निवडत बसलेली दिसायची, की माझा धीर सुटायचा. एका दुपारी वन्सं म्हणाल्या, उन्हाळी लागल्यागत लघवीला आग होतीय, धन्याचं पाणी देतेस का? आणि लगेच स्वतःच — "पर नगं. डाक्टर न्हाई म्हनल्यात न्हवं?"

तेव्हा तरी? तेव्हाही नाही. वाटीभर दिलं.

दुसऱ्या सकाळी त्यांचं लुगडं रक्ताने भिजलेलं होतं.

पुण्याला डॉक्टरांनी तपासलं आणि वळून मला विचारलं, पाणी पीत होत्या ना? हेही शेजारी उभे होते, कामावर खाडा करून आलेले. वन्सं खाटेवर, चांगल्या शुद्धीवर. मी म्हणाले, "मी खूप सांगायची हो. त्या ऐकतच नाहीत."

वन्संनी माझ्याकडे बघितलं. राग असता तर बरं झालं असतं. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं आणि मी काय सांगितलं, ते त्यांना तिथेच कळलं. मग त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "व्हय. माजंच चुकलं."

हे बहिणीवर चिडले. "ती एवढं करतेय तुझं, आणि तुला घोटभर पाणी जड झालं, अक्का?" मी ऐकत उभी राहिले.

नळी घालून पिशवी धुतली, रक्त थांबलं. पण ते औषध पुन्हा द्यायला डॉक्टर धजले नाहीत. दुसरं दिलं, त्याने गाठी हटल्या नाहीत. वन्सं भाज्याला परत गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात वारल्या.

त्याआधी एकदा मी एकटीच भाज्याला गेले होते, सगळं कबूल करायचं ठरवून. त्या अंगणात बाजेवर पडल्या होत्या. "वन्सं, त्या दिवशी मी —" एवढंच म्हटलं. त्यांनी माझा हात धरला. "भावाला सांगू नगंस. तुमचं घर फुटंल."

मी सांगितलं नाही. त्यांचा शब्द पाळला म्हणून? छे. मला तेच हवं होतं.

हे पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे, हिने माझ्या बहिणीचं केलं तेवढं सख्खं कुणी करणार नाही. अक्काच हट्टी, म्हणायचे, शेवटपर्यंत कुणाचं ऐकलं नाही. मी चहा ओतत असायची. आपल्या बहिणीने हट्टापायी जीव घालवला, असंच धरून तेही गेले.

वन्संनी हट्ट केला नव्हता. सांगितलेलं अगदी तंतोतंत ऐकलं होतं त्यांनी — माझं.