वहाबभाईंचा उलटा पुकारा

चामोर्शीत कुणाला सेल लावायचा असो, हरवलेली म्हैस शोधायची असो की डोळ्यांचं शिबिर गावाला कळवायचं असो, तो माणूस वहाबभाईंकडे जायचा. वहाबभाईंची एक काळी सायकल होती. तिच्या हँडलला भोंगा बांधलेला, कॅरिअरवर बारा व्होल्टची बॅटरी. माईकला धूळ लागू नये म्हणून त्यांच्या बायकोनं, खैरुनभाभींनी हिरव्या कापडाची पिशवी शिवून दिली होती. बसस्टँडपासून तहसीलच्या फाटकापर्यंत त्यांचे सात थांबे ठरलेले. प्रत्येक थांब्यावर एकदाच बोलायचं, सावकाश, आणि पुढे जायचं. निवडणुकीच्या जीपा दिवसभर तेच तेच ओरडत फिरायच्या, त्यांचा वहाबभाईंना भारी राग यायचा.

"गाव काही बहिरं नाई," ते म्हणायचे. "एकदा सांगितलं तं लोकाले समजते. धा वेळा सांगतो तो खोटं बोलून राह्यला असते."

न पाहिलेल्या गोष्टीचा पुकारा ते करत नसत. एकदा एका कापडवाल्यानं चादरींच्या सेलसाठी त्यांना बोलावलं. वहाबभाई आधी एक चादर घरी घेऊन गेले. भाभींनी ती धुतली तर बादली लाल झाली. दुसऱ्या दिवशी भोंग्यातून आवाज आला, "चादर मोठी आहे, मजबूत आहे, पन पहिल्या धुन्यात रंग जाते, अलग धुवा." कापडवाला धावत आला भांडायला. पण संध्याकाळपर्यंत त्याच्या सगळ्या चादरी विकल्या गेल्या होत्या.

चंद्रपूरहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून मी गावी परतलो आणि घराच्या पुढच्या खोलीत दोन कॉम्प्युटर मांडून नेट सेंटर उघडलं. हे २००५ साल. मी वहाबभाईंना पुकारा करायला सांगितलं, की आता रेल्वेचं तिकीट काढायला बल्लारशाला जायची गरज नाही.

"दाखव," ते म्हणाले.

मी साइट उघडून दाखवली.

"असं नाई. तिकीट काढून दाखव. बल्लारशा ते काजीपेठ. माझी साळी राहते तिकडं."

मी तिकीट काढलं, छापून दिलं. मला वाटलं, झालं काम. पण वहाबभाई तो कागद खिशात घालून खरोखर काजीपेठला गेले. पाच दिवसांनी परत आले आणि मग पुकारा केला, "श्रावनच्या दुकानात कागदाचं तिकीट निघते. मी सोता बसून जाऊन आलो. टीसीनं पाह्यलं, काही बोलला नाई." त्या एका वाक्यानं माझं दुकान चालायला लागलं.

मोबाईलशी मात्र त्यांचं जमलं नाही. एकदा माझ्या दुकानात बसले असताना त्यांचा मोबाईल वाजला. अनोळखी बाईचा आवाज होता, कुठलंसं गाणं लावून घ्या म्हणून. वहाबभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "बाई," ते म्हणाले, "मी सोता भोंगेवाला आहे. तुम्ही चामोर्शीत या, मंग बोलू." पलीकडची बाई बोलतच राहिली. ती टेप आहे हे मी सांगितल्यावर त्यांनी फोन ठेवून दिला.

पुढच्या जूनमध्ये बारावीचा निकाल लागला, तो नेमका बाजाराच्या दिवशी. दुपारी एक वाजता नेटवर निकाल येणार म्हणून आजूबाजूच्या गावांतून पोरं, त्यांचे बाप, काका सगळे माझ्या दुकानासमोर जमले. खोलीत पाच माणसं मावायची, बाहेर दीडशे. म्हणून वहाबभाई पायरीवर माईक घेऊन उभे राहिले. मी आत नंबर टाकायचा, पान उघडलं की त्यांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आणि बाहेर जाऊन पास झालेल्याचं नाव पुकारायचं. जो नापास, त्याचं नाव माईकवर घ्यायचं नाही. वहाबभाई गर्दीत जायचे, पोराच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "चाल, आत चहा पिऊ." तासाभरात सगळ्यांना कळून चुकलं की वहाबभाई चहाला बोलावतात म्हणजे काय. एक पोरगा तर त्यांना येताना पाहून ओरडला, "मी चहा पेत नाई, काका!"

सरकारी साइट उघडत नव्हती. मी एका खाजगी साइटवरून निकाल काढत होतो. टेलिफोनच्या लाईनवर चालणारं नेट, एकेक पान वरून खाली ओघळल्यासारखं यायचं. एक्केचाळीस नावं पुकारून झाली होती. मग चंचलचा नंबर आला.

चंचल म्हणजे बापूजींची पोरगी. बापूजींची धानाची शेती होती, गाव आठ किलोमीटरवर. चंचलला डी.एड. करून मास्तरीण व्हायचं होतं. तिच्या घरात बारावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. मी तिचा नंबर टाकला आणि तेवढ्यात प्रिंटरमध्ये कागद अडकला. तो सोडवायला मी मागे वळलो. वहाबभाई आत आले, स्क्रीनकडे पाहिलं आणि बाहेर गेले.

"चंचल बापूजी! पास!"

बाहेर आरडाओरडा झाला. बापूजींनी टोपी काढून परत घातली आणि ते सरळ जिलेबीवाल्याच्या गाड्याकडे गेले.

मी वळून पाहिलं तेव्हा पान पूर्ण आलं होतं. इंग्रजी, सत्तावीस. खाली, नापास.

मी वहाबभाईंना हाक मारली. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. वर चंचलचं नाव होतं, त्याखाली आईचं नाव, कमळा. त्या दोन्हींच्या खाली मोठ्या हिरव्या अक्षरांत 'काँग्रॅच्युलेशन्स' असं इंग्रजीत लिहिलेलं, आजूबाजूला फुगे हलणारे. मार्कांचा तक्ता त्याच्याही खाली. ते आत आले तेव्हा तक्ता उतरलाच नव्हता. इंग्रजीतला तो शब्द वहाबभाई ओळखत होते. कबड्डीच्या प्रत्येक कपावर तो असायचा आणि तिथला साऊंड त्यांचाच.

"हे काय आहे मंग?" त्यांनी बोट ठेवलं.

"जाहिरात."

"पोरीच्या नावाखाली?"

"कोणाच्याही नावाखाली येते. कधी येते, कधी नाई."

"कधी येते, कधी नाई," ते हळूच म्हणाले. "पोरीच्या निकालाच्या कागदावर कोनी दुसरा आपला माल ठेवते, अन तू मले सांगितलं नाईस."

मला खरंच ते सांगायचं सुचलं नव्हतं. मला त्या जाहिराती दिसतच नसत. इतक्या वेळा पाहिल्या होत्या की डोळे आपोआप त्यांच्या खाली जायचे. वहाबभाई त्याआधी तिकिटाच्याच पानासमोर बसले होते, तिथे असं काही नव्हतं. त्या दिवशीही आधीची पानं पूर्ण उतरल्यावर मीच त्यांना मार्कांवर बोट ठेवून दाखवत होतो.

त्यांचा एक नियम गावाला ठाऊक होता. पुकारा चुकला तर त्याच दिवशी, शेवटच्या थांब्यापासून पहिल्यापर्यंत उलटं जायचं आणि चूक वापस घ्यायची. वीस वर्षांत तसं दोनदाच झालं होतं. एकदा शिबिराचा वार चुकला, एकदा सापडलेली म्हैस दुसऱ्याचीच निघाली. पण म्हैस वेगळी. पोरगी नापास आहे हे सात ठिकाणी भोंग्यातून कसं सांगायचं? आणि नाही सांगितलं तर गावभर पसरलेली खोटी गोष्ट तशीच राहू द्यायची?

ते मागच्या दारानं चंचलकडे गेले. मीही गेलो. ती हापशीजवळ एकटी उभी होती, आनंदात मुळीच दिसत नव्हती.

"बाई," वहाबभाई म्हणाले, "माझ्याकडून गलती झाली."

"मले वाटलंच, काका," ती म्हणाली. "इंग्रजीचा पेपर मी अर्धा कोरा ठेवून आली. इथी उभी राहून तेच पाहून राह्यली होती का मी पास कशी झाली."

"मले वापस घ्या लागते."

"घ्या ना. पन माझं नाव नका घेऊ. बाबाले मी सांगतो."

"नाव न घेता वापस कसं घेऊ?"

वहाबभाई हापशीच्या ओट्यावर बसले, उठले, पुन्हा बसले. मग सायकल काढली. तहसीलच्या फाटकापाशी पहिला आवाज आला.

"मी वहाब बोलून राह्यलो. आज मी एक नाव चुकीचं पुकारलं. कोनाचं ते सांगत नाई. ज्याचं त्यानं जाऊन पाहून घ्या."

सात थांबे होईपर्यंत बाजार माझ्या दुकानासमोर येऊन आदळला. बेचाळीस नावं पुकारली होती, बेचाळीस घरं परत आली. कुणाच्या हातात हार, कुणाच्या तोंडात पेढा. आपलं पोरगं त्या 'एका'मध्ये तर नाही ना, ही एकच धास्ती. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर राहणारा बिरजू, ज्याचा पुतण्या फर्स्ट क्लासमध्ये आला होता, वहाबभाईंवर चढला.

"भाऊ, तुमच्या एका गलतीनं अख्खा तालुका नापास करून टाकला तुम्ही! माझ्या वहिनीनं पूजेचा नारळ फोडला, तो आता खरा समजाचा का खोटा?"

"पाहून घे," वहाबभाई म्हणाले.

"पाह्यला! पास आहे! पन मंधात तं नापास होता ना दोन घंटे!"

मी सहा वाजेपर्यंत कागद छापत होतो. त्या गर्दीत कोण कशासाठी आलंय हे कुणालाच कळत नव्हतं. त्याच रांगेत बापूजी आले. बोटं जिलेबीच्या पाकानं चिकट, बाजूला चंचल. मी काही बोलायच्या आत तिनं माझ्या हातून कागद घेतला आणि त्या सत्तावीसवर स्वतः बोट ठेवलं.

"हे पाहा बाबा."

बापूजींनी कागद वाचला. मग माझ्याकडे पाहिलं.

"मंग पास कोन म्हनलं?"

"मी म्हनलो," दारातून वहाबभाई म्हणाले.

बापूजींनी चिकट बोटं एकमेकांवर चोळली. "भाऊ, जिलेबी तं वाटून झाली."

"हो."

"लोकायच्या पोटात गेली."

"ऑक्टोबरमदी पेपर देता येते, बाबा," चंचल म्हणाली.

"मंग ते जिलेबी ऑक्टोबरची समज," बापूजी म्हणाले, कागदाची घडी घातली आणि बस निघेल म्हणून दोघं गेले.

मला वाटलं होतं, गोष्ट इथे संपली. पण पुढच्या बाजारी वहाबभाईंनी खताच्या गाडीचा पुकारा केला तेव्हा दोन माणसांनी विचारलं, "खरं ना भाऊ?" असं त्यांना याआधी कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते माझ्यासमोर येऊन बसले.

"त्या फुगेवाल्याचा मालक कुठी बसते?"

"माहीत नाही, भाऊ. अमेरिकेत असेल. नाहीतर कुठंही."

"दुकान तं असंल ना त्याचं. मी वापस घेतलं, आता त्यानं घ्याले पायजे."

मी डिप्लोमा केलेला माणूस. जाहिरात कशी येते, कुठल्या सर्व्हरवरून येते, हे सगळं मी सांगू शकत होतो. मालक कोण ते सांगता येईना. शेवटी आम्ही ती जाहिरात शोधून तिच्यावर क्लिक केलं. एक फॉर्म उघडला. नाव, वय, देश, ईमेल. वहाबभाईंनी सगळं खरं लिहायला लावलं. ईमेल त्यांच्याकडे नव्हता, म्हणून माझा टाकला. खाली एक रिकामा चौकोन होता, त्यात त्यांनी सांगितलं ते मी इंग्रजी अक्षरांत मराठीच टाईप केलं, "तुमच्या जाहिरातीनं चामोर्शीत एका पोरीचं नाव चुकीचं पुकारलं गेलं. तुम्ही तुमच्या थांब्यावर जाऊन वापस घ्या."

ऑक्टोबरच्या परीक्षेत चंचल पास झाली. बापूजी कागद घेऊन गेले, वहाबभाईंनी तिचं नाव पुकारलं नाही. तिनं नको म्हटलं की त्यांनीच ठरवलं, हे मला अजून कळलेलं नाही.

त्या फॉर्मनंतर माझ्या ईमेलवर जाहिरातींचा पूर आला. घड्याळं, औषधं, लॉटऱ्या, रोज शंभर-दीडशे. आठवड्यातून एकदा वहाबभाई सायकल लावून विचारतात, "जवाब आला का?" मी नाही म्हणतो, ते जातात. सगळ्या एकदम पुसून टाकता येतात, एका बटणाचं काम आहे. पण त्यातली एखादी त्या फुगेवाल्याच्या जवाबाची असली तर, म्हणून मी त्या एकेक उघडून पाहतो.