तिसरा ढग

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी माझा प्रोजेक्ट होता वेगाने फिरणाऱ्या थंड ताऱ्यांभोवतीच्या ढगांवर. थंड म्हणजे सूर्यापेक्षा थंड, एवढंच. असा तारा अर्ध्या दिवसात स्वतःभोवती फिरून येतो आणि त्याच्या चुंबकीय क्षेत्राने धरून ठेवलेले वायूचे ढग त्याच्यासोबत फिरतात. ढग दिसत नाही. तो ताऱ्यासमोरून गेला की वर्णपटातल्या हायड्रोजनच्या लाल रेषेत बारीक खळगा पडतो आणि तास-दोन तासांत एका बाजूकडून दुसरीकडे सरकतो. दूरच्या दुर्बिणीने घेतलेले वर्णपट मी सोलापूरच्या एप्रिलात, पडदे ओढलेल्या लॅबमध्ये बघत बसायचे. कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास आला की अजूनही मला ती लाल रेषाच आठवते.

एकेक आलेख तपासून मी प्रोजेक्टच्या सरांना तीन ढग दाखवले होते. तिसऱ्यावर ते फार खूश होते. "बाहेरून परीक्षक येतायत. तिसऱ्यावरच बोल," म्हणाले. मी मान हलवली. दोन वर्षांत सरांसमोर मी मान हलवण्यापलीकडे फारसं काही केलं नव्हतं.

पोस्टरसाठी मी सगळे वर्णपट वेळेप्रमाणे एकाखाली एक रचले. प्रत्येक वर्णपट म्हणजे एक राखाडी पट्टी, खळगा असेल तिथे काळी. मोठ्या कागदावर छापून ते चित्र घरी फरशीवर पसरलं. तेवढ्यात नाना, म्हणजे माझे वडील, पहिली पाळी करून आले. ते टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत. माग बिघडला की दुरुस्त करतात, कापडातला दोष कुठून आला ते शोधतात. शाळेच्या फॉर्मवर मी नुसतं 'टेक्स्टाइल' लिहायचे.

"काय अम्मा, कुठल्या कारखान्याचा माल हा? लई खराब विणलाय." घरी आम्ही तेलुगू बोलतो, त्यात लेकीलाही लाडाने अम्मा म्हणतात; पण चेष्टा मराठीत करायची ही नानांची सवय.

"नाना, पाय नका ठेवू. तारा आहे तो."

"मग तारा उसवलाय की!"

ते उकिडवे बसले आणि काळ्या रेघांवरून बोट फिरवू लागले. "ह्या दोन तिरक्या चालल्यात. ही मात्र वरपासून खालपर्यंत सरळ. ही कापडाची न्हाय, फणीची." फणी म्हणजे मागावर ताण्याचे उभे दोरे ज्यातून येतात ती. "फणीचा दात वाकला की अशी रेघ पडते. कितीबी विण, तितंच राहणार."

ती रेघ म्हणजे माझा तिसरा ढग.

ताऱ्यासोबत फिरणारा ढग एका जागी थांबेल कसा? मी पाण्याच्या वाफेच्या रेषांची यादी उघडली. बरोबर तिथेच एक रेषा होती. आपल्याच हवेतली वाफ, प्रत्येक ताऱ्याच्या आणि दुर्बिणीच्या मध्ये असलेली, वर्णपटात ठरलेल्या जागीच खळगा पाडणारी.

"तोंड का उतरलं?"

"काही नाही."

"मालकाला आत्ताच सांग. गठ्ठे बांधल्यावर सांगितलं तर जास्त शिव्या बसतात."

दुसऱ्या दिवशी सरांच्या दाराशी जाऊन मी दोनदा पाणी प्यायला परत फिरले. तिसऱ्या वेळी आत गेले.

"सर, तिसरा ढग नाहीये."

त्यांनी कागद ओढून घेतला. वरपासून खालपर्यंत पाहिला. मग, "कसं कळलं?"

रचल्यावर कळलं, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. "वडिलांनी दाखवलं. ते जॉबर आहेत, टॉवेलच्या कारखान्यात." कान गरम झाले होते.

सरांनी त्या सरळ रेघेवरून पेन्सिल नेली. "मीपण बघितलं नाही की हे," ते हळूच म्हणाले. "परीक्षकांना तूच सांगायचं, तिसरा कसा गेला ते. आधी मला सांग."

"आत्ता?"

"मग काय, मुहूर्त काढू?"

मी खडू घेतला. पहिलं वाक्य इंग्रजीत सुरू केलं, अडले, मग मराठीत बोलत राहिले. किती वेळ ते आठवत नाही. सरांच्या चहावर साय आली होती आणि त्यांनी मला एकदाही थांबवलं नव्हतं.