ओवाळलेला तुकडा

डॉक्टरांनी लेकीला वजनकाट्यावरून उतरवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पुढच्या वेळी आणखी कमी भरली, तर ॲडमिट करावं लागेल." तेव्हापासून जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाची वेळ झाली की तो वजनकाटा माझ्या डोळ्यांपुढे यायचा. लेक चार वर्षांची. घास दिसला की ओठ गच्च मिटायची. चिऊचा झाला, काऊचा झाला, मोबाईलवरची गाणी झाली. जेवायचं तिनं आणि नाकी नऊ यायचे माझ्या.

त्यात मंगळवेढ्याहून सासूबाई आल्या. ज्वारीचं पीठ आणि निदान, दोन्ही बरोबर घेऊनच आल्या. "दृष्ट लागलीया पोरीला. दुसरं कायबी न्हाय." दृष्टीनं वजन उतरत असतं तर अर्धं सोलापूर काटकुळं झालं असतं, हे ओठांवर आलेलं मी गिळलं आणि वरणभात कालवत राहिले.

त्या संध्याकाळी लेकीनं पहिलाच घास थुंकला, थेट माझ्या अंगावर. माझा हात उठला. मारलं नाही, पण तिनं तो उठलेला हात पाहिला आणि डोळे मिटून घेतले. मला माझीच भीती वाटली. मी ताटली ओट्यावर आदळली.

सासूबाई उठल्या. टोपलीतली गरम भाकरी घेतली, तुकडा मोडला, लेकीला दारात उभं केलं आणि पुटपुटत तिच्यावरून तो ओवाळू लागल्या. असा तुकडा माणसानं खायचा नसतो. तो बाहेर टाकायचा, म्हणजे त्याच्याबरोबर पीडाही जाते. ओवाळून झाल्यावर त्या टाकायला वळल्या, तोच लेकीनं तुकडा ओढून घेतला आणि तोंडात घातला.

"थुंक! थुंक आदी!" सासूबाईंचा आवाज फाटला. त्यांचं बोट तिच्या तोंडात जाणार, एवढ्यात मी त्यांचं मनगट धरलं. लग्न झाल्यापासून मी त्यांना असं कधी अडवलं नव्हतं.

"आत्या, थांबा. चावतीय ती."

"अगं, पिडा पोटात जाईल की तिच्या!" त्या मनगट सोडवून घ्यायला बघत होत्या. मला त्या काट्याची भीती वाटायची, तेवढीच त्यांना ह्या तुकड्याची वाटत होती.

लेक आम्हा दोघींकडे बघत चावत राहिली. गिळलं. "अजून," म्हणाली.

मी मनगट सोडलं. सासूबाई उंबऱ्यातच मटकन बसल्या. भाकरी मांडीवर घेऊन त्यांनी एक तुकडा तिच्या हातात दिला. मग दुसरा मोडला, तिच्यावरून सावकाश ओवाळला आणि बाहेर न टाकता स्वतःच्याच तोंडात घातला.

"आत्या, अहो हे काय करताय!"

"गेली असंल तिच्या पोटात, तर येऊ दे माझ्याकडं," त्या चावता चावता म्हणाल्या. "माझं खाऊन झालंय. तिचं ऱ्हायलंय."